वरचा चित्राचा, खालचा आवाजाचा

३ डिसेंबर, मंगळवार

टीव्ही आला. लेकीने, शर्मिष्ठेने पाठवला. ती कॅनडात, टीव्ही कुडाळच्या दुकानात आणि भिंत माझी. आणणारे दोघे खिळे ठोकून झाल्यावर समजावायला बसले. काका, हे असं करायचं, ते तसं करायचं. म्हटलं, लावलात ना? आता चहा प्या आणि निघा. माझा उभा जन्म लाँचीच्या इंजिनावर गेला. इंजिनाला कुठे दुखतंय ते मी नुसत्या आवाजावरून सांगायचो. त्यात डावा कान गेला, ते सोडा. टीव्हीचं एवढं काय कौतुक!

बरोबर एक जाडं पुस्तक आलंय. बायकोने, सरलाने ते पिठाच्या डब्याखाली घातलं. डबा डगमगत होता, आता डगमगत नाही. म्हणजे पुस्तक कामाला आलं.

एकच वाईट झालं. हरीने दिवाळीत घेतला तो हाच टीव्ही. तेच दुकान, तीच कंपनी, तेवढेच इंच. लोक म्हणणार मी नक्कल केली. खरं तर घ्यायचं मी आधी ठरवलं होतं. त्याने फक्त आधी घेतला.

संध्याकाळी

हरी म्हणजे हरिश्चंद्र, चुलतभाऊ. एकाच लाँचीवर तो तांडेल, मी खाली इंजिनात. तांडेल म्हणजे वर वाऱ्यात उभं राहून हुकूम सोडायचे. काळे हात माझे. त्याची ओटी आणि माझी ओटी समोरासमोर. मध्ये जास्वंद आणि गडगा. गडगा त्याने बांधला, तो माझ्या बाजूला पोट काढून. चिऱ्याच्या भिंतीला पोट असतं का? तेव्हापासून बोलणं बंद. हे इथे लिहायचं काही कारण नव्हतं. टीव्हीवरून आठवलं.

४ डिसेंबर, बुधवार

शर्मिष्ठेचा फोन. नातीचं बारसं बावीस तारखेला, रविवारी. तिकडची सकाळ म्हणजे इकडची दिवेलागण. म्हणाली, "बाबा, त्या दिवशी फोन टीव्हीक जोडा. आमी तुमका मोठे दिसतलो. वाडीतल्यांकाय बोलवा." मी विचारलं, वायर कुठची आणू? तर म्हणते, "वायर लागणा नाय." वायरच नाही म्हणजे अर्धं काम झालेलंच आहे.

मग म्हणाली, "आणि बाळाचा गाऱ्हाणा तुमीच घाला."

वाडीत देवळातलं असो, लग्नातलं असो, देवाला गाऱ्हाणं हरी घालतो. त्याने एकेक ओळ सांगायची आणि बाकीच्यांनी "व्हय महाराजा" करायचं. आवाज मोठा म्हणून त्याला मान. मी म्हटलं, घालतो. त्यात आहे काय? देवाला काय पाहिजे ते सांगायचं.

इतक्यात जावई मध्ये आला. विश्वेश. "बाबा, आधी दोन्ही एकाच वायफायवर आहेत का बघा, मग सेटिंगमध्ये जाऊन..." जावई पुण्याचा. माणूस चांगला, पाल्हाळ फार. मी फोन ठेवला.

लगेच वाडीभर आमंत्रण. रविवारी सात वाजता माझ्या ओटीवर, नात मोठी दिसणार, गाऱ्हाणं मी घालणार. हरीच्या घरात गेलो नाही. त्याच्या दारासमोर उभा राहून पलीकडच्या रुक्मिणीला जरा मोठ्याने सांगितलं.

५ डिसेंबर, गुरुवार

आज फोन टीव्हीला जोडला. फोनचा पडदा वरून खाली ओढला. खिडकीच्या काचेसारखं एक चित्र दिसलं, ते दाबलं. फोनने जरा शोधाशोध करून दोन नावं दाखवली. दोन्ही एकच! टीव्हीच्या कंपनीचं नाव, खाली परत तेच नाव. दुसरा कोणी घाबरला असता. मी लगेच ओळखलं. वरचा चित्राचा, खालचा आवाजाचा. लाँचीला पण डिझेलची नळी वेगळी आणि पाण्याची वेगळी.

आधी चित्र. वरचं दाबलं. फोनने थोडा विचार केला आणि लिहिलं, कनेक्टेड.

कनेक्टेड! एवढंच होतं. यासाठी जावयाने पाऊण तास घेतला असता.

टीव्ही मात्र निळाच राहिला. नवीन आहे, वेळ लागणार. फोनचा आवाजही गेला. गेला म्हणजे टीव्हीत गेला. आत गेलेला आवाज कधीतरी बाहेर येणारच.

त्याच वेळी हरीच्या घरातून त्याची बायको काशीबाई किंचाळली, "अगो बाय माझे, ह्या काय इला!" पाल पडली असेल. त्या घरात साफसफाईच नाही.

६ डिसेंबर, शुक्रवार

टीव्ही अजून गरम होतोय. मी कनेक्टेड करून ठेवतो आणि तोपर्यंत फोनवर नातीचे फोटो बघतो.

सरला दिवेलागणीला काशीबाईकडे फुलांना गेली. बायकांचं बोलणं मी बंद केलेलं नाही, तेवढं आपलं मन मोठं आहे. बराच वेळ आली नाही. आली ती फुलं न घेता. म्हणते, "अवो, बाळाच्या उजव्या कानाखाली तीळ आसा. आणि हनवटी तुमच्या आवशीसारखी." मी फोन डोळ्याला लावून पाहिलं. तीळ होता. मोहरीएवढासुद्धा नाही. विचारलं, चष्मा नसताना तुला कुठे दिसला? तर म्हणे, "आजयेक दिसता."

बायका भावनेत काहीही बघतात. पण तीळ होता हे खरं, आणि हनवटीही माझ्या आईचीच.

७ डिसेंबर, शनिवार

हरीचा नालायकपणा वाढत चाललाय. संध्याकाळी फोनवर भजन लावलं. फोन मुका, पण म्हटलं टीव्हीचा घसा मोकळा होईल. तर हरीच्या घरातून भजन सुरू! मी बंद केलं, त्यानेही बंद केलं. मी नाट्यगीत लावलं, त्यानेही नाट्यगीत. परीक्षा बघायची म्हणून हवामानाच्या बातम्या लावल्या. मच्छिमारांनी समुद्रात जाऊ नये, असं त्याच्या घरातून ऐकू आलं.

बोलत नाही, बघत नाही, पण कान सगळा माझ्या घरात. माणसाने इतकं रिकामं राहू नये.

९ डिसेंबर, सोमवार

टीव्ही निळा. कारण आज कळलं. खारं वारं. दर्यावरचं वारं सगळं गंजवतं, मग हवेतून जाणारं चित्र कसं सोडेल? शिवाय गडग्याचं पोट. वाऱ्याला वळसा पडतो.

सरला म्हणाली, "धनेशाक बोलवा." धनेश बाजारात डिश आणि पंखे दुरुस्त करतो. मी म्हटलं, परक्याची मदत नाही. ती पाणी भरायला म्हणून गेली आणि धनेशलाच घेऊन आली. वाटेत भेटला म्हणे.

आता आलाच आहे तर म्हणून फोन त्याच्या हातात दिला. त्याने ती दोन नावं बघितली.

"भाई, हे दोन कसले?"

"वरचो चित्राचो, खालचो आवाजाचो."

धनेशने माझ्याकडे पाहिलं. टीव्हीकडे पाहिलं. मग खिडकीतून हरीच्या ओटीकडे पाहिलं आणि तसाच उभा राहिला. त्याला ठसका लागला. सरलाने त्याच्या पाठीत दोन गुद्दे घातले, जरा जोरातच.

"बरोबर आसा, भाई," तो डोळे पुसत म्हणाला. "एकदम बरोबर. कायेक हात लावू नकात."

बघा! शिकलेला माणूससुद्धा शेवटी माझ्याच मतावर आला. म्हटलं चहा घे. तर म्हणे, "नको, हरीकाकांकडे घेतंय." जाताना गडग्यापलीकडे मोठमोठ्याने हसत होता. पोरगा चांगला आहे, पण काहीतरी लागतं बहुतेक त्याला.

११ डिसेंबर, बुधवार

घरात कोणीतरी फितूर आहे.

परवा मी फोनवर गुडघेदुखीचं बघत होतो. एकटा होतो. काल सकाळी काशीबाईने निर्गुंडीच्या तेलाची बाटली पाठवली. काल संध्याकाळी, सहज, फक्त माहिती म्हणून, केस काळे कसे करायचे ते पाहिलं. बारशात कॅमेरा तोंडावर येणार, म्हणून. आज रस्त्यात रुक्मिणी थांबवून म्हणते, "भाईनू, पांढरेच बरे दिसतत हां."

सरलाला उभं केलं. म्हणाली, "देवाशप्पथ, माझ्या तोंडातसून एक शब्द जावक नाय." देवाची शपथ घेताना ती हसत होती, ते मला आवडलं नाही.

तेल चांगलं आहे.

१४ डिसेंबर, शनिवार

आजपासून गाऱ्हाण्याची तयारी. फोन जास्वंदीच्या कुंडीला टेकवून उभा केला आणि स्वतःचं गाऱ्हाणं त्यात भरून घेतलं.

बा देवा महाराजा, माझो जांवय विश्वेश, कॅनडात मोठ्या कंपनीत आसा, तेच्या घरात लक्ष्मी इली आसा. मग शर्मिष्ठा. मग बाळ. मग टीव्ही लवकर चालू होऊ दे. शेवटी मला सुचलं ते असं: आणि जो कोण गडग्याक पोट काढून बसलो आसा, तेका गडगो सरळ करूची बुद्धी दी, महाराजा! नाव घेतलं नाही. देवाला कळतं.

मग कनेक्टेड करून ते लावलं. फोन मुका, त्यामुळे नुसतं तोंड हलताना पाहिलं. रुबाबदार दिसतो मी.

त्याच वेळी हरीकडे पण गाऱ्हाणं चाललं होतं. आज कसला सण माहीत नाही. घालणारा कोणीतरी शिकाऊ होता. माझ्या चांगल्या कानाला शब्द नीट लागले नाहीत, पण आवाज किरटा आणि दर दोन शब्दांनी अडत होता. हरी "व्हय महाराजा" करत होता, तांडेलाच्या आवाजात, म्हणून तेवढं स्पष्ट. ओळीमागून ओळ, व्हय महाराजा. शेवटच्या ओळीला हरी गप्प. मग काशीबाईचा आवाज आला, खणखणीत.

"व्हय महाराजा!"

नवराबायकोचं काहीतरी बिनसलेलं दिसतंय.

१६ डिसेंबर, सोमवार

हरी ओटीवर उभा राहून एकटाच जास्वंदीशी बोलत होता. मोठ्याने. "गाऱ्हाण्यात पयलो गावचो देव. मगे घराणा. मगे लेकरू. पयलोच जांवय घातल्यार देव हयसर थांबता कित्याक? तो जाता कॅनडाक!"

कोणाला सांगत होता कळलं नाही. वय झालं. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा आहे तो.

मी गाऱ्हाण्याचा क्रम बदलला. हरी म्हणाला म्हणून नाही. माझ्या डोक्यात तसंच होतं.

१७ डिसेंबर, मंगळवार

टीव्ही निळा. संकल्प: उद्यापासून टीव्हीवर चिडायचं नाही.

१८ डिसेंबर, बुधवार

चिडलो. पण टीव्हीवर नाही. हरी ओटीला रंग देतोय. देवळातल्या खुर्च्या आणल्यात. दोन ट्यूबलाईट लावल्या. रविवारी त्याच्याकडे काहीतरी आहे! माझ्या नातीच्या बारशाच्या दिवशी, माझी माणसं फोडायला, मुद्दाम.

सरलाला सांगितलं. ती बारशाच्या घुगऱ्यांसाठी चणे निवडत होती. नुसती "हां हां" करत राहिली. चण्यांचा ढीग बघून विचारलं, एवढे? तर म्हणाली, "दोन घरांका पुरूक होये." कुठची दोन घरं? म्हणे जीभ घसरली.

हिचं लक्ष नाही हल्ली.

२० डिसेंबर, शुक्रवार

आज ठरवलं, चित्राचं राहू दे, आवाजाचं बघू. खालचं नाव दाबलं.

आणि टीव्ही बोलला! निळं गेलं आणि पडद्यावर पाटी आली. या फोनला जोडायला परवानगी द्यायची का? होय. नाही.

मी उभाच राहिलो. भिंत माझी, लाईट माझी, लेक माझी, आणि हा मला परवानगी विचारतो? अशाने डोक्यावर बसतात. नव्या खलाशाला पहिल्या दिवशीच दाखवायला लागतं. रिमोट घेतला आणि "नाही" दाबलं. परत विचारलं. परत "नाही". मग विचारलं नाही. कळलं त्याला.

नंतर वरचं दाबलं, कनेक्टेड. पलीकडून काशीबाई ओरडली, "इलो, इलो!" तिच्याकडे कोण येतं जातं देव जाणे.

२१ डिसेंबर, शनिवार

शर्मिष्ठेचा फोन. "बाबा, टीव्हीर सगळा नीट दिसता मा?" मी म्हटलं, कनेक्टेड आहे. खोटं बोललो नाही. कनेक्टेड आहेच.

मग म्हणाली, "हयसर विश्वेशची भयण सोडल्यार आमचा कोणच नाय. म्हणान वाटला, तुमी सगळी समोर मोठी दिसलात तर घरातच बारसा झाला असा होयत." विश्वेश मागून काहीतरी सांगत होता. तिने त्याला गप्प केलं. माझी मुलगी आहे.

जेवायच्या आधी टीव्हीची काच दोनदा पुसली. धूळ असणार.

आज चित्र आलं नाही, ते बरंच झालं. लाँचीचा अनुभव आहे, आदल्या दिवशी गोड चालणारं इंजिन हटकून बंदराबाहेर बंद पडतं. उद्या चालणार.

२२ डिसेंबर, रविवार, सायंकाळी साडेसहा

सगळं तयार. नारळ ठेवला. समई लावली. सतरंजी घातली. स्वच्छ सदरा. केस पांढरेच ठेवलेत, माझ्याच मर्जीने. सरला घुगऱ्यांचं पातेलं घेऊन गेली ती अजून नाही. कुठे नेलं पातेलं?

माणसं येऊ लागली. मी दारात उभा. रुक्मिणी आली, हसली, पुढे गेली. धनेश आला, हात केला, पुढे गेला. सगळे माझ्या दारावरून हरीकडे. वाट चुकली म्हणावं तर जन्म इथेच गेला सगळ्यांचा.

पावणेसात. ओटीवर मी आणि नारळ.

सात. फोन वाजतोय. टीव्ही निळा.

२३ डिसेंबर, सोमवार

काल पुढचं लिहायला जमलं नाही. लिहितो. वही माझी आहे, खरं लिहायला हरकत नाही.

फोन घेतला. शर्मिष्ठा दिसली, तोंड हललं, आवाज नाही. वरचं नाव दाबलेलं होतंच. मी टीव्हीला हात जोडले. एवढ्यात गडग्यापलीकडून माझ्या मुलीचा आवाज आला, अख्ख्या वाडीला ऐकू जाईल असा. "बाबा, ऐकाक येता काय?" आणि पन्नास माणसं एकदम ओरडली, "येता, येता!"

तेव्हा मला कळलं. म्हणजे आधीच थोडं कळलं होतं, मी खात्री करून घेत होतो.

सरला जास्वंदीपाशी आली. "अवो, सगळी हयसर आसत. तुमचो फोन हरीभावजींच्या टीव्हीर दिसता."

"कधीपासून?"

"पयल्या दिवसापासून."

"मगे सांगलस कित्याक नाय?"

"सांगला असता तर तुमी फोन बंद केला असतात. मगे माका नात मोठी खंय दिसतली होती?"

मी केलाच असता बंद, हे खरं.

मी चपला घातल्या आणि फाटकाकडे निघालो, रस्त्याने जावं म्हणून. आठ पावलं गेलो नसेन, पलीकडे ओरडा झाला. "अडाकला! चेडवाचा तोंड अडाकला!" टीव्हीवर शर्मिष्ठा थिजली होती. आणि मग हरीचा आवाज. लाँचीवर वादळात यायचा तसा. गडगा झाल्यापासून माझं नाव घेऊन बोललेला पहिला शब्द.

"भाई! रस्त्यान जाव नको! लांब गेलंस काय तुटतला! गडग्यारसून ये!"

माझे पाय आपोआप वळले. उभ्या जन्माची सवय आहे, मान म्हणून नाही.

गडग्याला भिडलो खरा, पण गुडघा वर येईना. फोन एका हातात, त्यात शर्मिष्ठा डोळे पुसतेय की हसतेय कळेना. पलीकडून अख्खी वाडी टीव्हीवर माझ्या नाकपुड्या बघत होती.

"फोन उंच धर," हरी म्हणाला. "पाय थंय ठेव. पोटार."

"खंयच्या पोटार?"

"गडग्याच्या, मेल्या! इतकी वर्षां बोंबलतस तेच्या नावान, आता ठेव पाय!"

पोटावर पाय बरोबर बसला. हरीने हात दिला आणि होडीतून लाँचीवर ओढायचा तसा ओढला. दोघेही पडलो असतो, धनेशने धरलं. हरीचा हात अजून तसाच आहे, दोरखंडासारखा. मागून काशीबाई म्हणाली, "बसा, भाईनू, टायमार इल्यात. तुमच्यासाठी आमी आमची सिरियल सोडली. तुमचा तिच्यापरास बरा चलला होता."

म्हणजे गुडघा, केस, सगळं. त्या भिंतीवर. रोज.

टीव्हीसमोर मधोमध एक खुर्ची रिकामी ठेवलेली होती. माझी.

आणि नात दिसली. पाळण्यात. हरीच्या भिंतीएवढी. कानाखालचा तीळ एवढा मोठा की बोट लावावं. आईची हनवटी. तिकडे विश्वेशच्या बहिणीने बाळाच्या कानात नाव सांगितलं आणि मग मोठ्याने म्हणाली, गौरजा. ओटीवरच्या सगळ्या बायकांनी नाव घेतलं. सरला नुसती टीव्हीच्या काचेला हात लावून उभी होती. कोणी तिला बाजूला हो म्हणालं नाही.

"बाबा, गाऱ्हाणा," शर्मिष्ठा म्हणाली.

मी नारळ घ्यायला गेलो तर नारळ माझ्या ओटीवर. हरीने त्याचा पुढे केला. उभा राहिलो. बा देवा महाराजा, म्हटलं. व्हय महाराजा, सगळे म्हणाले. आणि पुढचं गेलं. एवढी तालीम केली होती, पण समोर लेक आणि नात, मागे वाडी. फोनमध्ये मी रुबाबदार दिसत होतो, इथे नारळ दोनदा या हातातून त्या हातात घेतला.

हरी टीव्हीकडे बघत, ओठ न हलवता, हळू म्हणाला, "गावचो देव."

मी गावच्या देवाचं नाव घेतलं. व्हय महाराजा.

"घराणा," हरी.

घराणं घेतलं. व्हय महाराजा. मग लागला सूर. आज दर्याच्या पलीकडे तुझ्या लेकराचा नाव ठेवला आसा. व्हय महाराजा! तेका हातापायान धड ठेव, तेची वाट सुखाची कर. व्हय महाराजा! तेच्या आवशीक थंय एकटा वाटता, तेंच्या घरात माणसां दी. व्हय महाराजा! पलीकडून शर्मिष्ठेनेही म्हटलं. काय चुकला माकला आसात तर पदरात घे, असं म्हणून मी हात जोडले. झालं.

"गडग्याचा ऱ्हवला!" मागून काशीबाई ओरडली.

ओटी फुटली हसून. रुक्मिणीने पदर तोंडात घातला. कॅनडात विश्वेश विचारत होता, गडग्याचं काय? सगळ्यांना पाठ होतं. सगळ्यांनी माझी तालीम बघितली होती, चहा पीत. मी खाली बघितलं. जमीन शेणाने नव्याने सारवलेली होती. माझ्या माणसांसाठीच सारवली होती.

म्हटलं, राहू दे.

"घाल रे," हरी म्हणाला. "ताय घाल. देवाक अर्धा सांगू नको."

मग घातलं. आणि जो कोण गडग्याक पोट काढून बसलो आसा, तेका बुद्धी दी, महाराजा. आवाज थोडा कमी निघाला.

एकट्या हरीने म्हटलं. सगळ्यांपेक्षा मोठ्याने. बाहेरचा कुत्रा उठला.

"व्हय महाराजा!"

२४ डिसेंबर, मंगळवार

सकाळी धनेश आला. म्हणाला, "भाई, तुमच्या टीव्हीक कायेक झालेला नाय. खालचा नाव दाबा, तो परवानगी विचारतलो, 'होय' म्हणा. झाला." म्हटलं, ते मला पहिल्यापासून माहीत आहे. मी बघत होतो तो कोणाला ओळखतो ते.

दुपारी हरीने गडग्याचे पोटाकडचे चिरे काढले. माणूस जाईल एवढी वाट. फोनची रेंज नीट यावी म्हणून, असं तो म्हणाला. मी त्याला ते कसे काढायचे ते सांगितलं. त्याने माझं ऐकलं नाही, पण वाट बरी झाली.

सायंकाळी सहा

शर्मिष्ठेचा फोन यायची वेळ. खालचं नाव दाबलं. माझ्या टीव्हीने विचारलं, परवानगी द्यायची का?

पलीकडे हरीने चहा टाकला होता. सरला आधीच गेली होती.

"नाही" दाबलं.